वर्ल्ड सिरीज आणि खोडरबर

रिटायर झालेल्या माणसाला कुणी काम सांगू नये. सांगितलंच, तर ते एका वाक्यात सांगावं आणि तो ते संपवेपर्यंत त्याच्या शेजारी उभं राहावं. हे मी म्हणत नाही, माझी बायको म्हणते, आणि गेल्या फॉलपासून, म्हणजे पानगळीपासून, घरी येणाऱ्या प्रत्येक माणसाला चहाबरोबर ऐकवते. मला उलट बोलायला तोंड नाही. शेजारच्या बाईंच्या नवऱ्यानं जन्मभर जपलेला बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा शेवटचा सामना मी खोडरबरनं पुसून टाकला.

आता नीट सांगतो. आम्ही ओहायोतल्या डब्लिनमध्ये राहतो, आणि एवढी वर्षं राहतोय की आमच्या रस्त्यावरची झाडंसुद्धा आमच्यानंतर आलेली आहेत. पलीकडच्या घरातल्या बाई प्राथमिक शाळेत शिकवायच्या. म्हणून आम्ही आपसात त्यांना बाईच म्हणायला लागलो आणि ते तसंच राहिलं. त्यांच्या नवऱ्याला बेसबॉलचं भयंकर वेड. कुंपणापाशी उभा राहून तो मला बेसबॉल सांगायचा आणि मी त्याला क्रिकेट सांगायचो. दोघांनीही एकमेकांचं अक्षरसुद्धा ऐकलं नाही, त्यामुळे आमचं फार छान जमायचं. मी त्याला एकदा तोंडावर सांगितलं होतं की ज्या खेळात बॉल मारल्यावर माणूस बॅट फेकून देतो, तो खेळ सुसंस्कृत म्हणता येत नाही. तो खूप हसला आणि त्यानं मला स्वतःच्या झाडाचे टोमॅटो दिले.

तो गेला. त्यानंतर बाईंनी एकटीनं घर ओढलं, पण गेल्या वर्षी गुडघे बोलायला लागले तेव्हा घर विकून ॲरिझोनात लेकीकडे जायचं ठरलं. एवढ्या वर्षांचं सामान काढताना बाई कुठेच अडल्या नाहीत. सोफा दिला, डिनर सेट दिला, नवऱ्याची टूल्स तर मलाच दिली. अडल्या त्या फक्त एका वस्तूपाशी. नवरा शाळकरी पोरगा असताना काकाबरोबर वर्ल्ड सिरीजचा शेवटचा सामना बघायला गेला होता. तिथे मैदानावर विकत मिळालेली पुस्तिका त्यानं ठेवली होती, आणि तिच्या मधल्या दोन पानांवर स्कोअरकार्ड होतं. लेक म्हणाली होती, फोटो काढ आणि टाकून दे. बाईंना ते पटेना. ज्याला यातलं कळतं, अशाच माणसाच्या घरी ही गेली पाहिजे, असं त्यांनी मला स्वतः सांगितलं. खेळांच्या जुन्या वस्तूंचा व्यवहार करणारा एक माणूस त्यांनी शोधून काढला होता. त्याच्याकडे संग्राहक होते, पण त्याला आधी आतल्या-बाहेरच्या पानांचे चांगले स्कॅन हवे होते.

आणि स्कॅन म्हटलं की मी. आमच्या महाराष्ट्र मंडळात मला स्कॅनवाले काका म्हणतात. लोकांचे जन्मदाखले, मार्कशीटं, गावाकडचे सातबारे, सगळं माझ्या मशीनखालून गेलंय. रिटायर झाल्यापासून एवढीच काय ती माझी इज्जत आहे. बाईंनी पुस्तिका फ्रीझरच्या पिशवीत घालून आणून दिली आणि सांगितलं, पुढचं, मागचं आणि मधलं तेवढं स्कॅन करून दे. याहून जास्त काही सांगायची गरज त्यांना वाटली नाही. समोरचा माणूस इंजिनियर आहे, असा त्यांचा समज होता.

मी डायनिंग टेबलावर स्वच्छ फडकं अंथरलं, हात धुतले आणि पुस्तिका उघडली. कागद पिवळा पडला होता, पण धड होता. जुन्या मोटारींच्या आणि सिगारेटींच्या जाहिराती होत्या. मधली पानं उघडली आणि माझ्या कपाळाला आठी पडली. सगळीकडे पेन्सिलीनं गिरगटलेलं. चौकटीचौकटीत छोटे छोटे पतंग काढलेले, काही नुसते, काही काळे करून टाकलेले. एका ठिकाणी सहा वजा चार वजा तीन असं लिहिलेलं आणि उत्तर मांडलेलंच नाही. एका चौकटीत मोठं प्रश्नचिन्ह. आणि जागोजागी इंग्रजी के. त्यातले काही के चक्क उलटे काढलेले.

उलटा के बघितल्यावर माझी खात्रीच पटली. अक्षरं उलटी कोण काढतं, बालवाडीतलं पोर. म्हणजे बाईंची लेक लहान असताना तिच्या हाती हे लागलं असणार आणि तिनं बापाच्या एवढ्या मोलाच्या वस्तूवर पतंग काढून, वजाबाक्या करून ठेवल्या असणार. बिचाऱ्या बापानं काही म्हटलं नसेल. वर्ल्ड सिरीज बघायला गेलेल्या माणसानं तिथे बसून काही लिहिलं असेल, हा विचार माझ्या डोक्याच्या जवळपासही फिरकला नाही. आम्ही क्रिकेट बघायला जायचो तेव्हा भेळ खायचो.

माझे हात शिवशिवायला लागले. का, ते समजायला तुम्हाला सांगलीला यावं लागेल. आमच्या घरी शाळेची पुस्तकं कधी नवी आली नाहीत. जूनमध्ये पुढच्या वर्गातल्या कुणाची तरी अर्ध्या किमतीत यायची, आणि त्या आधीच्या मालकानं गाळलेल्या जागा भरून ठेवलेल्या असायच्या, त्याही चुकीच्या. मग आई चादर अंथरायची आणि आम्ही भावंडं खोडायला बसायचो. या कामात माझ्या तोडीचं घरात कुणी नव्हतं. एकाच दिशेनं घासायचं, कागद दोन बोटांनी ताणून धरायचा, चुरा तळहातानं नाही तर हाताच्या मागच्या बाजूनं झटकायचा, कारण तळहाताला घाम असतो. मी खोडलेल्या पानावर पूर्वी काही लिहिलं होतं, असं मास्तरांनासुद्धा ओळखता यायचं नाही. मग ब्राऊन पेपरचं कव्हर आणि वर लेबल. पुस्तक नवं.

अमेरिकेतल्या पेन्सिलींच्या बुडाला जो गुलाबी रबर असतो, त्यानं कागदाची वाट लागते. म्हणून मी दर इंडिया ट्रिपला आपला पांढरा खोडरबर घेऊन येतो. तो काढला आणि बसलो. काय सांगू, फार वर्षांनी मनासारखं काम मिळालं होतं. बायको स्वयंपाकघरातून आली, थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, स्कॅन करायला सांगितलं होतं ना त्यांनी?" मी तिला समजावून सांगितलं की वस्तू स्वच्छ असेल तर तिची किंमत वाढते आणि हे साध्या कॉमन सेन्सनं कळतं. ती म्हणाली, "त्यांना विचारलंत का?" मी म्हटलं, सरप्राइज आहे. ती परत स्वयंपाकघरात गेली. तेव्हा तिनं माझ्या हातातून रबर हिसकावून घ्यायला हवा होता, असं माझं आजही मत आहे. ते बोलून दाखवायची माझी हिंमत नाही.

पान सुरेख निघालं. डाग एक राहिला, पिवळट, मोहरीच्या सॉसचा असावा. त्याला मी हात लावला नाही, कारण त्यात आपलं शिक्षण नाही. मग स्कॅन केले. आणि एवढ्यावर थांबेन तर तो मी कसला. ग्रोसरीची खाकी कागदी पिशवी कापून पुस्तिकेला झकास कव्हर घातलं, डिंक न लावता, नुसत्या घड्या मारून. अहो, जुन्या कागदाला ॲसिड चालत नाही वगैरे मलाही कळतं.

बाईंना ते कव्हर घातलेलं पुस्तक नेऊन दिलं तेव्हा त्या हसल्या. पहिल्यांदाच कुणी तरी नवऱ्याच्या या पोथीला अभ्यासाच्या पुस्तकासारखं वागवलंय, म्हणाल्या. त्यांनी वरून हात फिरवला आणि न उघडता कपाटात ठेवून दिली. मी फुशारलेला घरी आलो आणि दोन वाट्या श्रीखंड खाल्लं.

आठवड्याभरानं बाईंचा फोन आला. त्या व्यापाऱ्याला काही विचारायचं होतं आणि स्कॅन मी केले होते म्हणून मी तिथे हवा होतो. मी गेलो. बाईंच्या स्वयंपाकघरात खोकी रचलेली होती आणि टेबलावर फोन स्पीकरवर ठेवला होता. माणूस अतिशय सभ्य होता. तो म्हणाला, मधली पानं कोरी दिसताहेत, दुसऱ्या कुठल्या प्रतीचा स्कॅन चुकून पाठवला गेलाय का. या सामन्याच्या कोऱ्या पुस्तिका त्यानं पुष्कळ पाहिल्या होत्या. पण तिथे बसलेल्या एका पोरानं पहिल्यापासून शेवटपर्यंत आपल्या हातानं टिपलेला सामना त्याला कधी मिळाला नव्हता, आणि हिच्यात तो आहे असं बाईंनी सांगितलं म्हणूनच त्याला ही हवी होती.

बाई म्हणाल्या, आहेच मुळी. आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

इथे शहाणा माणूस गप्प बसला असता. मी घसा साफ करून स्पीकरला सांगितलं की पानं मीच स्वच्छ केली आहेत. आधी त्यावर कुणीतरी लहान मुलानं गिरगटलं होतं, पतंग, वजाबाक्या, आणि के तर उलटे काढले होते. मग तो माणूस हळू आवाजात, एखाद्या आजाऱ्याशी बोलावं तसं मला म्हणाला की सर, उलटा के म्हणजे फलंदाज नुसता उभा राहून बघत राहिला आणि बाद झाला. सरळ के म्हणजेही बादच, पण त्यानं बॅट फिरवली होती, आणि उलटा म्हणजे फिरवलीच नाही.

बाई उठल्या, कपाट उघडलं, पुस्तिका आणली, माझ्या खाकी कव्हरसकट टेबलावर ठेवली आणि मधलं पान उघडलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पान खिडकीकडे धरलं, मग डोळ्यांजवळ नेलं, मग चष्मा काढून पुन्हा बघितलं. काही नव्हतं. लिहिणाऱ्याचा हात हलका होता आणि माझा हात तयार होता.

"त्याच्या हस्ताक्षरातलं माझ्याकडे एवढंच होतं," बाई म्हणाल्या. "तो कधी काही लिहायचा नाही. ग्रीटिंग कार्डावर सह्यासुद्धा मीच करायचे." मी काहीतरी बोलायला लागलो. त्या म्हणाल्या, "तू आता घरी जा."

मी घरी गेलो. बायकोला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "शेण खाल्लंत." आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, पण हा शब्द तिनं माझ्यासाठी पहिल्यांदाच वापरला, आणि तो अगदी बरोबर होता. क्युपर्टिनोला राहणाऱ्या मुलाला फोन केला. तो लहानपणी बाईंच्या नवऱ्याच्या मांडीवर बसून बेसबॉल बघत मोठा झालाय. "बाबा, यू इरेझ्ड इट?" मी हो म्हटलं. "विथ ॲन इरेझर?" आता दुसऱ्या कशानं खोडतात, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी गिळलं. मुलानं आईला फोन द्यायला सांगितलं.

मला त्या रात्री खूप लाज वाटली. नंतरही वाटत राहिली. बायकोच्या मते मला लाज वाटली की मी गप्प बसत नाही, कामाला लागतो, आणि मी नेमकं तेच केलं. मुलानं एक लिंक पाठवली होती. जुने सगळे मोठे सामने इंटरनेटवर चेंडूगणिक नोंदवून ठेवलेले असतात, त्यात हाही सामना होता. मी त्याचा प्रिंटआउट काढला. मग खुणा शिकलो. ते पतंग म्हणजे मैदान असतं, आणि खेळाडू जिथवर धावला तिथवर रेघ ओढायची. पूर्ण फिरून घरी, म्हणजे निघाला त्या जागी, आला की पतंग काळा करायचा. आणि ती वजाबाकी नव्हतीच. प्रत्येक जागेवरच्या खेळाडूला एक आकडा असतो, चेंडू सहाकडून चारकडे, चारकडून तीनकडे गेला आणि दोघे बाद झाले, एवढं ते सरळ होतं. उत्तर नव्हतंच मांडायचं. ज्या पोरानं हे टिपलं त्याचं एवढं लक्ष होतं, आणि मी त्याला बालवाडीत घातलं होतं.

माझा प्लॅन असा होता की प्रिंटआउटवरून सगळ्या खुणा जशाच्या तशा पुन्हा भरायच्या. कॉलेजात ड्रॉइंगला माझं लेटरिंग चांगलं होतं. बायको म्हणाली, "म्हणजे आता खोटी सही करणार?" मी म्हटलं, तसं नाही गं. ती म्हणाली, "आधी जाऊन माफी मागा. तुमची हुशारी मागून काढा." फोल्डर काखेत मारून मी बाईंच्या दारात उभा राहिलो.

बाईंनी आत घेतलं. स्वयंपाकघरात आता फक्त टेबल आणि दोन खुर्च्या उरल्या होत्या. मी माफी मागितली, धडपणे मागितली, मध्ये कुठेही कॉमन सेन्सचा उल्लेख केला नाही. बाईंनी ऐकून घेतली. ठीक आहे वगैरे म्हणाल्या नाहीत. व्यापाऱ्याला त्यांनी नकार कळवला होता आणि पुस्तिका ॲरिझोनाला न्यायच्या खोक्यात गेली होती. मग मी फोल्डर उघडून प्रिंटआउट दाखवला आणि म्हटलं की तुम्ही म्हणाल तर सगळं परत भरून देतो, चेंडू न चेंडू इथे आहे.

बाईंनी तो कागद वाचला. "हे बरोबर असेल," म्हणाल्या, "पण हा त्याचा सामना नाही." त्यांनी खोकं उघडून पुस्तिका काढली, मधलं पान माझ्यासमोर ठेवलं, पेन्सिल दिली आणि म्हणाल्या, "लिही. मी सांगते."

आणि या वयात मी बाईंसमोर श्रुतलेखनाला बसलो. बेसबॉलमध्ये बाईंना काडीचा रस नव्हता, हे मला माहीत होतं. पण दर ऑक्टोबरला, वर्ल्ड सिरीज सुरू झाली की तो त्यांना हा सामना पहिल्यापासून सांगायचा. लग्न झाल्यापासून दर ऑक्टोबरला. सामन्याला त्या नव्हत्या, तेव्हा त्याला ओळखतही नव्हत्या, पण ऐकून ऐकून सगळं पाठ झालं होतं. नऊ डावांतला पहिला त्यांनी घडाघडा सांगितला. त्याच्यासारखाच आवाज काढून, जिथे तो थांबायचा तिथे थांबून. तिसऱ्या डावात पुढचा जाडा माणूस उभा राहिला आणि नेमका तो फटका दिसला नाही, म्हणून तिथे प्रश्नचिन्ह काढायचं. चौथ्यात काकानं हॉट डॉग दिला आणि त्यातला मोहरीचा सॉस पानावर सांडला. मी प्रिंटआउटकडे चोरून बघत होतो. एका ठिकाणी बाईंचं चुकलं. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्यांनी शाळेतल्यासारखी नजर टाकली, आणि मी त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. उलटे के काढताना माझा हात थोडा अडखळत होता. सरावाचा नव्हता.

सातवा डाव संपला. मी पेन्सिल आठव्या रकान्यावर ठेवून वाट बघत राहिलो. मला वाटलं, दमल्या असतील, किंवा विसरल्या असतील, वय झालंय. मी म्हटलं, आठवेल, घाई नाही.

"आठवायचा प्रश्न नाही," बाई म्हणाल्या. "मी तो कधी ऐकलाच नाही. तो आठव्यापर्यंत आला की मी म्हणायचे, पुरे झालं आता, जेवण गार होतंय. मग तो यायचा आणि नववा खाता खाता भराभर सांगून टाकायचा."

"दर वर्षी?" मी विचारलं.

"दर वर्षी. त्याला वाटायचं, पुढच्या वर्षी ही ऐकेल."

प्रिंटआउट माझ्या कोपराशी पडला होता. त्यात आठवा डाव पूर्ण होता, कोण कसा बाद झाला, कुणी काय मारलं. मी तो उचलून त्यांच्यापुढे सरकवला. बाईंनी बघितलं, आणि तो पालथा घातला.

"नको," म्हणाल्या. "तो सांगत होता तेव्हा नको होता मला."

त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली, रिकाम्या रकान्यावर बोट टेकवलं आणि मग ते शेजारच्या रकान्यावर नेलं. "नववा लिही," बाई म्हणाल्या, आणि सांगायला लागल्या, भराभर, तोंडात घास असल्यासारखा आवाज काढून.